पायऱ्या मोजा, मग हॉटेल बुक करा

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं कापून देते.

‘ताई, येत्या मे महिन्यात आम्ही पाच जण इटलीला जायचं म्हणतोय. मी, बायको, ९ वर्षांची मुलगी, आई (६८) आणि बाबा (७३). हातात ११ दिवस आहेत. एजंटने रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान आणि मध्ये एक दिवस अमाल्फीचा किनारा असा कार्यक्रम दिलाय. बायकोला मुळात तो किनाराच बघायचाय. पोझितानोचे फोटो तिने कधीपासून जपून ठेवलेत, राहायचं तर तिथेच म्हणते. मी भाड्याने गाडी घ्यावी म्हणतो, घाटात चालवायची सवय आहे. आईचे गुडघे दुखतात. ती म्हणते, “तुम्ही फिरा, मी हॉटेलात बसेन.” बाबा निवृत्त शिक्षक, मूळचे भोकरदनचे. त्यांचं म्हणणं, “समुद्र बघायला एवढे पैसे? गुहागर काय वाईट आहे?” घरात सगळे शाकाहारी, अंडं मात्र चालतं. सगळ्यांचं मन कसं राखू?’

नमस्कार. सगळ्यांचं मन राखता येईल, पण त्यासाठी आधी एजंटचं मन मोडावं लागेल. ११ दिवसांत ६ ठिकाणं म्हणजे लपाछपीत भोज्याला शिवून परत पळण्यातला प्रकार. त्यात अमाल्फीचा ‘एक दिवस’ म्हणजे रोमहून बसने जाऊन-येऊन सात-आठ तास, त्यातला शेवटचा टप्पा वळणावळणाचा. घरात कुणाला गाडी लागत असेल तर तो दिवस पिशवी हातात धरूनच जाईल. व्हेनिस, मिलान, पिसा सरळ काढून टाका. फ्लॉरेन्स काढताना मला वाईट वाटतंय, पण तेही काढा. रोमला ३ रात्री, किनाऱ्यावर ५, शेवटी नेपल्सला २. जाताना रोमला उतरायचं आणि येताना नेपल्सहून निघायचं, असं तिकीट मिळतं का ते बघा. नाहीच मिळालं तर नेपल्सहून रोम वेगवान रेल्वेने सव्वा तासावर आहे.

आता किनारा. नकाशावर तुम्ही किलोमीटर मोजताय. तिथे किलोमीटर मोजून काही कळत नाही, पायऱ्या मोजाव्या लागतात. पोझितानोपासून व्हिएत्रीपर्यंत डोंगर थेट समुद्रात उतरतो. गावं त्या उतारावर चिकटवल्यासारखी बसलेली आहेत. गाडीरस्ता एकच, बाकी गल्ल्या म्हणजे जिने. हा किनारा १९९७ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, तो याच उभ्या उतारावर शेकडो वर्षं माणसांनी दगडी बांध घालून जी शेती आणि वस्ती केली तिच्यामुळे. फोटोत जे सुंदर दिसतं, तेच गुडघ्यांना नडतं.

माझाच किस्सा सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही पोझितानोत एक घर घेतलं होतं. जाहिरातीत लिहिलं होतं, समुद्रापासून २०० मीटर. खोटं नव्हतं ते. फक्त त्यातले बरेचसे मीटर उभे होते. रस्त्यावर टॅक्सीवाल्याने सोडलं आणि खाली बोट दाखवलं. मोठाल्या दोन बॅगा, खांद्यावर पर्स, आणि १८० पायऱ्या. मी मोजल्या, कारण दर दहा पायऱ्यांनी थांबावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी पाव आणायला वर, मग परत खाली. तिसऱ्या दिवशी सासूबाई गच्चीतल्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. म्हणाल्या, “जेजुरीला निदान वर खंडोबा तरी असतो.”

म्हणून आईंचं ‘मी हॉटेलात बसेन’ हे वाक्य मी फार गंभीरपणे घेतलं. त्यांना बसायचंच असेल तर बसण्याची जागाच अशी निवडू या की तिथे बसणं हीच सहल होईल. माझी शिफारस मायोरी. हे नाव तुमच्या बायकोच्या फोटोंमध्ये बहुधा नसेल, आणि त्याला कारण आहे. १९५४ च्या ऑक्टोबरात या भागात प्रचंड पाऊस होऊन चिखल-दगडांचे लोंढे आले, ३०० हून अधिक माणसं गेली. मायोरीचा मोठा भाग वाहून गेला आणि त्यानंतर जे बांधलं गेलं ते त्या काळच्या पद्धतीचं, चौकोनी, साधं. त्यामुळे पोस्टकार्डवर मायोरी कमी दिसतं. पण त्याच इमारतींना लिफ्ट आहेत! शिवाय दरीच्या तोंडाशी वसलेलं असल्यामुळे गाव सपाट आहे. सुमारे एक किलोमीटरचा समुद्रकिनारा, या सगळ्या पट्ट्यातला सर्वांत लांब, आणि त्याला लागून झाडांखालून जाणारा फिरायचा रस्ता. संध्याकाळी सहाच्या पुढे अख्खं गाव नटूनथटून तिथे पाय मोकळे करायला येतं. ‘पासेज्जाता’ म्हणतात त्याला. आज्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची उलटतपासणी करतात. भाषा येत नसली तरी तुमच्या आईंना दुसऱ्या दिवसापासून त्यातलं सगळं कळायला लागेल.

मायोरीत मनासारखी खोली मिळाली नाही तर शेजारचं मिनोरी बघा, लहान आणि गोड गाव आहे. तेही जमलं नाही तर सालेर्नो शहर. ते थेट रेल्वेवर आहे, बोटीचा एक धक्का स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर, समुद्रालगत लांबलचक सपाट रस्ता, आणि दर किनाऱ्यावरच्या गावांपेक्षा बरेच उतरलेले. मात्र तिथे सकाळी खिडकी उघडल्यावर समोर शहर दिसेल, लिंबाचे मळे दिसणार नाहीत. सोरेंतो खूप जण सुचवतील. चांगलं आहे, पण ते डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे, अमाल्फीच्या किनाऱ्यावर नाही. रोज तो डोंगर ओलांडून यायचं म्हणजे रोज घाट.

हॉटेल कुठलंही असो, पैसे भरण्याआधी त्यांना एक मेल टाका आणि दोनच गोष्टी विचारा. गाडीतून उतरल्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती? लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की आधी एक जिना आहे? आकडा मागा. ‘थोड्याशा पायऱ्या’ असं उत्तर आलं तर ते हॉटेल सोडा. त्या लोकांच्या पोटऱ्यांना ४० पायऱ्या थोड्याच वाटतात.

गाडीचं म्हणाल तर, घेऊ नका. घाट चालवायची सवय आहे म्हणता, कसाऱ्यात तुम्ही पटाईत असालही. अडचण निराळीच आहे. इथला एकमेव रस्ता म्हणजे राज्यमार्ग १६३, जेमतेम ५० किलोमीटरचा, जागोजागी इतका अरुंद की समोरून बस आली की मोटारवाल्याला मागे यावं लागतं. मागे दहा गाड्यांची रांग, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि तुम्ही स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाडीत. वर पार्किंग मिळत नाही, मिळालं तर दिवसाचं भाडं ऐकून जेवण जात नाही. गर्दीच्या काळात ठरावीक दिवशी सम-विषमचा नियमही असतो. सकाळी १० ते संध्याकाळी ६, सम तारखेला सम आकड्याने संपणाऱ्या नंबराच्या गाड्यांना बंदी, विषमला विषम. भाड्याच्या गाडीला सूट नाही. शिवाय इटलीतल्या बऱ्याच गावांत बाहेरच्या वाहनांना बंदी असलेले भाग असतात. कॅमेरा नंबर टिपतो, दंडाची चिठ्ठी चार-सहा महिन्यांनी घरी येते. आमच्याकडे तीन आल्या, एकाच चौकाच्या. रस्ता चुकून त्याच चौकात गोल-गोल फिरलो होतो, त्याचा पुरावाच म्हणा ना.

गाडीऐवजी बोट. एप्रिल ते ऑक्टोबर सालेर्नोहून व्हिएत्री, चेतारा, मायोरी, मिनोरी, अमाल्फी करत पोझितानोपर्यंत प्रवासी बोटी चालतात. सालेर्नो ते अमाल्फी साधारण ३५ मिनिटं, पोझितानोला तास-सव्वा तास. रोमहून सालेर्नोला वेगवान रेल्वेने दोन तास, तिथून धक्क्यावर जाऊन बोटीने मायोरी. गाड्याबिड्यांची भानगड नाही. बोटीवर मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे घेतात, तेव्हा माणशी एक लहान बॅग असं घरात आत्ताच जाहीर करून टाका. वारा असला, समुद्र खवळला, तर बोटी रद्द होतात. म्हणून ज्या दिवशी विमान किंवा आरक्षण केलेली रेल्वे पकडायची त्या दिवशी बोटीच्या भरवशावर राहायचं नाही, टॅक्सी सांगून ठेवायची.

बसही आहे, निळी, आपल्या एसटीची इटालियन मावसबहीण. वळणाआधी ड्रायव्हर लांबलचक हॉर्न देतो, अगदी आपल्या घाटातल्यासारखा. तिकीट तंबाखूच्या दुकानात किंवा कॅफेत आधी काढायचं आणि चढल्यावर यंत्रात घालून छाप उमटवायची. तिकीट हातात असून छाप नसेल तरी दंड होतो. मे महिन्यात सकाळी नऊनंतर अमाल्फीच्या थांब्यावर जी गर्दी होते ती बघून तुम्हाला नाशिकचं सीबीएस बसस्थानक आठवेल, रांग लावायची पद्धत सुद्धा तीच. आई-बाबांना बसमध्ये उभं राहावं लागू नये म्हणून ती कमीच वापरा. संपाचा शब्द शिकून ठेवा, ‘शोपेरो’. बहुतेक वेळा आधी जाहीर होतो, स्टेशनवर आणि बसथांब्यावर कागद लागतात. तो कागद दिसला की त्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर पडून राहायचं.

आता पोझितानो. बायकोचं मन मोडू नका, तिचं बरोबरच आहे. गाव आहेच तसं. पण तो जो फोटो आहे, गुलाबी-पिवळी घरं एकावर एक आणि मध्ये चर्चचा चकचकीत घुमट, तो गावात राहून दिसत नाही, समुद्रातून दिसतो. गावात राहणाऱ्याला शेजारच्याची गच्ची दिसते. सकाळच्या बोटीने जा आणि पुढच्या बाजूला उभे राहा. कड्याचं वळण संपतं आणि गाव उघडतं, तेव्हा बोटीवरची सगळी बडबड थांबते. धक्क्याला उतरलं की समोरच गोट्यांचा किनारा, त्याच्या मागेच चर्च. तिथवर आईसुद्धा येऊ शकतील. चर्चमध्ये काळ्या मेरीची बायझंटाइन तसबीर आहे. दंतकथा अशी की ती घेऊन चाललेलं जहाज वादळात इथे अडकलं आणि खलाशांना आवाज ऐकू आला, ‘पोझा, पोझा’, म्हणजे ‘ठेव, ठेव’. ठेवली, वादळ शमलं, गावाला नाव मिळालं. देवाने पुढे जायला नकार दिल्याच्या गोष्टी आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात एक तरी आहे, त्यामुळे आईंना हे पटकन पटेल.

आणखी एक सुचवते. पाच रात्रींतली एक रात्र तुम्ही दोघंच पोझितानोत राहा. एक खोली, एक पाठपिशवी. मुलगी मायोरीत आजी-आजोबांकडे. खोली महाग पडेल, पण पाच जणांच्या पाच रात्रींपेक्षा केव्हाही स्वस्त. संध्याकाळी सहाच्या सुमारास दिवसभराचे पर्यटक बोटींनी निघून जातात आणि मग ते गाव तिथे उरलेल्यांचं होतं. कड्याच्या कडेने फोर्निल्लोच्या लहान किनाऱ्याकडे जाणारी पायवाट आहे, तिच्यावरून त्या वेळी चाला. काही ठिकाणी किमान दोन-तीन रात्रींची अट असते, म्हणून हे आधी शोधा. पाय शिवशिवत असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी ‘देवांची वाट’ही करता येईल. ती वर बोमेरानोहून सुरू करायची आणि पोझितानोच्या डोक्यावरच्या नोचेल्लेत संपवायची. उलट करू नका, चढ लागतो. नोचेल्लेहून खाली रस्त्यापर्यंत सुमारे १७०० पायऱ्या आहेत. त्या बघून परत बस शोधायची की उतरायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा, मी उतरले आणि नंतर दोन दिवस खुर्चीत बसताना ‘आई गं’ म्हणत होते.

अमाल्फीला सगळ्यांनी जायचं. चौकात कॅथीड्रलच्या ६२ पायऱ्या आहेत. आई खालीच कॉफी घेऊन बसतील आणि तिथून त्यांना सगळा दर्शनी भाग व्यवस्थित दिसेल, वर गेलेल्यांपेक्षा जास्तच चांगला. बाबांना मात्र वर न्या आणि कानात सांगा की आज पाच हजार वस्तीचं हे गाव एके काळी व्हेनिस आणि जेनोआच्या बरोबरीचं सागरी गणराज्य होतं. जहाजं होती, व्यापार होता, सागरी कायदे होते. १३४३ च्या वादळी समुद्राने किनाऱ्यालगतचा शहराचा मोठा भाग गिळला, आणि बाकीचं राजकारणाने आधीच गिळत आणलं होतं. मास्तरांना हा धडा आवडेल. चौकातून वर जाणाऱ्या रस्त्यावर हातकागदाचं संग्रहालय आहे, जुन्या गिरणीतच. चिंध्या कुटणारे लाकडी घण पाण्यावर चालवून दाखवतात. मुलीला स्वतःच्या हाताने कागद उचलायला मिळाला तर ती पुढचे दोन दिवस काही मागणार नाही.

रावेल्लो वर डोंगरावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३५० मीटर. भीती वाटेल, पण बस किंवा टॅक्सी वर सोडते, एका छोट्या बोगद्यातून गेलं की चौक, आणि चौकातच व्हिला रूफोलोचं दार. १८८० साली जर्मन संगीतकार वाग्नर इथे आला होता आणि बाग बघून म्हणाला की आपल्या ऑपेरातल्या जादूगाराची बाग सापडली. त्या बागेच्या कठड्यापाशी आईंना बसवा. खाली मिनोरी-मायोरीचा सगळा किनारा दिसतो, स्वतःचं हॉटेल शोधण्यात अर्धा तास जातो.

अत्रानीचं एक वाक्य: अमाल्फीतून चालत दहा मिनिटं, क्षेत्रफळाने इटलीतली सर्वांत लहान ग्रामपंचायत, पाव चौरस किलोमीटरही नाही, आणि तिथल्या चौकात गर्दीच्या दिवशीसुद्धा खुर्ची मिळते.

जेवणाची काळजी करू नका, ही काही लंडनची सहल नाही. टोमॅटो, वांगी, दुधी-काकडीच्या कुळातली ती लांबट झुकिनी, चीज आणि पाव यांवर तिथल्या गरीब घरांनी पिढ्या काढल्या आहेत. वांग्याचे काप तळून टोमॅटोच्या रस्स्यात आणि चीजमध्ये थर लावून भाजतात, ती पार्मिजाना. मिनोरीत रिकोटा चीजचे लाडूएवढे नाही, पण जाड गोळे करतात, ‘न्दुंदेरी’. मायोरीत तर तळलेलं वांगं चॉकलेटमध्ये घोळून गोड म्हणून खातात. मला वाटलं थट्टा चाललीये. एक घास घेतला, मग दुसरी थाळी मागवली. हे खरं ऑगस्टातल्या सणाचं पक्वान्न, पण एखाद्या मिठाईच्या दुकानात आधीही मिळून जातं.

फसवणूक मासळीत आहे. चेतारा गावात अँकोव्ही या छोट्या माशाचा रस काढतात, कोलातुरा म्हणून. अंबरसारखा दिसतो, दोन थेंबांत काम होतं, आणि साध्या लसूण-तेलाच्या पास्त्यात कुणी घातला तर डोळ्यांना कळत नाही. म्हणून वाक्य पाठ करा: ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा आलीची’. मांस नको, मासा नको, अँकोव्ही नको. तिसरं विसरू नका, बऱ्याच जणांच्या हिशेबात ते मासळीत येतच नाही. पार्मेजान आणि तिकडच्या पारंपरिक मोझरेलात वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असतं. आई-बाबांना ते चालणार आहे का, हे घरीच ठरवा, तिथे टेबलावर नको.

स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर मेतकूट, गोडा मसाला, पोहे, डाळी न्या. तूप, पेढे, बर्फी, पनीर मात्र नको. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाला आणता येत नाहीत. विमानतळावर आईंच्या हातची साजूक तुपाची बरणी कचऱ्यात जाताना बघायची पाळी येऊ नये. आणि मेतकूट-भातावर तिथलं लिंबू पिळा. आपल्या लिंबाच्या तिप्पट-चौपट मोठं, दोन्ही टोकांना निमुळतं. ‘स्फुसातो’ हे त्याचं नाव चातीवरून पडलंय, सूत कातायच्या चातीवरून. साल जाड, आतला पांढरा गर कडू नाही, म्हणून चकत्या करून सालीसकट साखर किंवा मीठ लावून खातात. डोंगरावर चेस्टनटच्या खांबांचे मांडव घालून त्यांवर झाडं चढवलेली असतात, द्राक्षांच्या मांडवासारखीच. तुम्ही नाशिकचे, बघताक्षणी कळेल. मायोरी ते मिनोरी या मळ्यांमधून जुनी वाट आहे. गाडीरस्ता होण्याआधी बायका डोक्या-पाठीवर लिंबांच्या जड टोपल्या घेऊन हीच वाट उतरायच्या. त्यांना ‘फोर्मिकेल्ले’ म्हणायचे, म्हणजे मुंग्या. पायऱ्या चारशेच्या आसपास. तुम्ही, बायको आणि मुलगी चालत जा, आई-बाबांना बसने पुढे पाठवा, मिनोरीच्या मिठाईच्या दुकानात भेटा.

दोन किरकोळ गोष्टी. रेस्टॉरंटच्या बिलात ‘कोपेर्तो’ दिसेल. ते टेबलावर बसल्याचे माणशी पैसे, भांडू नका. किनारे वाळूपेक्षा खड्यांचे आहेत, पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या. मे महिन्यात पाणी गार असतं, मुलगी उतरेल, तुम्ही गुडघ्यापर्यंत.

तारखा १० मेच्या पुढच्या धरा. एप्रिलची २५ आणि १ मे या तिकडच्या सुट्ट्या, त्या आठवड्यात अर्धी इटली याच रस्त्यावर असते. व्हिसा शेंगेन. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान १५ दिवस आधी करावा लागतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो, तुमच्या मुलीला ४५, अर्ज केंद्राचे वेगळे. प्रवास विम्याचं कवच किमान ३०,००० युरोचं लागतं. आईंच्या गुडघ्याचं आणि बाबांची औषधं असतील तर त्यांचं विम्याच्या अर्जात खरं लिहा. उन्हाळी सुट्टीच्या भेटीच्या वेळा फार लवकर भरतात, त्यामुळे आजच बघायला लागा.

बाबांचा मुद्दा राहिला. गुहागर काही वाईट नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे. त्यांच्यासाठी किनाऱ्यावरचा एक दिवस पेस्तुमला द्या. सालेर्नोहून लोकल गाडीने अर्धा-पाऊण तास, सगळं सपाट, आणि मैदानात तीन ग्रीक मंदिरं उभी, सुमारे अडीच हजार वर्षांची. आजूबाजूला म्हशींचे गोठे आहेत. खरं मोझरेला म्हशीच्या दुधाचं असतं हे कळल्यावर मराठवाड्यातला माणूस इटलीकडे जरा आपुलकीने बघायला लागतो.

पण हुकमी एक्का वेगळा आहे आणि तो मी शेवटच्या दोन दिवसांसाठी राखून ठेवलाय. नेपल्सला मुक्काम असताना पाँपेईला जाल. मुलीसाठी ते हवंच. तिकिटं नावानिशी आधी काढा, दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे. आईंसाठी अँफिथिएटरच्या दरवाजाने आत जा, तिथून चाकाच्या खुर्चीलाही चालेल असा मार्ग आखलेला आहे. तिथल्या मोठ्या रस्त्यावर, व्हिया देल्लाब्बोंदान्त्सावर, एका घराला ‘भारतीय मूर्तीचं घर’ म्हणतात. १९३८ साली तिथे राखेखालून हस्तिदंताची एक वीतभर उंचीची बाई निघाली. गळ्यात हार, हातांत कोपरापर्यंत बांगड्या, दोन्ही बाजूंना चिमुकल्या दासी. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीने शहर गाडलं, त्याच्या आधी कधीतरी ती भारतातून जहाजाने तिथवर पोचली होती. आधी तिला लक्ष्मी म्हटलं, आता बरेच जण यक्षी मानतात. ती नेमकी कुठे घडली यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण तिच्याशी सर्वांत जवळचं नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती ज्या दोन गावांत सापडल्या, त्यातलं एक तेर. आणि दुसरं, भोकरदन.

हे बाबांना आधी सांगू नका. पाँपेईत फक्त ते घर दाखवा आणि गप्प बसा. दुसऱ्या दिवशी नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात न्या, मूर्ती तिथे असते. निघण्याआधी मेल करून ती जागेवर आहे ना, प्रदर्शनासाठी बाहेर तर गेली नाही ना, हे विचारून घ्या. एक सूचना मात्र मोठ्यांनी ध्यानात ठेवायची. ती ज्या दालनात ठेवतात ते ‘गुप्त दालन’, आणि त्यात बाकी भिंतींवर पाँपेईतली शृंगारिक चित्रं आहेत. १४ वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबतच सोडतात. तेव्हा तुम्ही आणि बाबा आत जा, मुलीला तेवढा वेळ आजीबरोबर मोझेइक बघायला पाठवा. मास्तर थेट त्या कपाटापाशी जातील, इकडेतिकडे बघणार नाहीत. बघितलं तरी तुम्ही बघितलं नाही असं करा.

संग्रहालय मंगळवारी बंद असतं. परतीचं तिकीट काढताना तेवढा वार बघा.